पॉड पेंडिंग, गिऱ्हाईक वेटिंग

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी : ऑनलाइन दुकान आणि कंटेनर

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की ऑनलाइन दुकान, मायक्रोसर्व्हिस (एक मोठं अॅप तोडून केलेले छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम), कुबरनेटीस वगैरेबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं होतं दोन-तीन पत्रं येतील, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत अजून बँक आणि एलआयसीच जास्त, पण नाही हो, सुपर कॉरिडॉरने, म्हणजे इथल्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्याने, सगळं बदललंय, ढीग आला आणि त्यातली निम्मी रात्री एकनंतर लिहिलेली. सगळी घेता आली नाहीत. नावं बऱ्याच जणांनी छापू नका म्हटलंय म्हणून कुणाचीच छापत नाही. आणि हो, कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टाइप करताना इंग्रजीत करा, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचंच पत्र येईल.

प्रश्न (लोकमान्य नगर) : मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. मुलगा एका कंपनीत आहे, घरूनच काम करतो. आठवड्यातून दोनदा तरी रात्री त्याचा फोन वाजतो, हा उठून लॅपटॉप उघडतो, काय झालं विचारलं तर म्हणतो "बाबा, पॉड क्रॅश होतोय". सकाळी पोहे खाताना विचारलं पॉड म्हणजे काय, तर म्हणतो तुम्हाला नाही कळणार. तुम्ही सांगा, मला कळेल.

उत्तर : काका, नक्की कळेल. तुम्ही रात्री सराफ्यात गेलेला माणूस आहात ना, मग अर्धं झालंच.

दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, मालपुवा. जागा तीच, दिवसाचा धंदा वेगळा, रात्रीचा वेगळा. हे जमतं कशामुळे, तर प्रत्येक ठेलेवाला आपली शेगडी, कढई, तेल, चटणी, द्रोण सगळं स्वतःबरोबर घेऊन येतो, सराफाकडे जाऊन "जरा गॅस द्या हो" म्हणत नाही. कंटेनर म्हणजे हेच, प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं झाडून सगळं सामान एकत्र बांधलेलं, कुठल्याही मशीनवर चार फूट जागा द्या की चालू. ही बांधाबांध तशी जुनी, पण २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ती कुणालाही जमायला लागली. पॉड म्हणजे एक ठेला समजा. बहुतेक वेळा त्यात एकच कंटेनर, कधी हाताशी एखादा छोटू.

ठेले पाच असले तर माणूस स्वतः बघतो, दीडशे झाले की मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे कुबरनेटीस. गूगलने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. तुम्ही त्याच्या वहीत लिहून द्यायचं, कचोरीचे पाच ठेले कायम हवेत. एक उठून गेला की तो दुसरा लावतो, रात्री दोनला पण लावतो, कुणाला विचारत नाही.

मग मुलाला का उठावं लागतं? कारण मुकादम ठेला लावतो, कढईतलं तेल बघत नाही. तेलच खराब असेल तर नवीन ठेलाही बंद पडणार, परत नवा, परत बंद. मुकादम पण कंटाळतो हो, आधी दहा सेकंद थांबून लावतो, मग वीस, मग चाळीस, असं करत पाच-पाच मिनिटांवर जातो, मुलाच्या तोंडी क्रॅशलूपबॅकऑफ असा काहीतरी शब्द ऐकला असेल तुम्ही, तो हाच. तेल बदलायला माणूसच उठावा लागतो. उद्या त्याच्या पोह्यांवर चिमूटभर जास्त जीरावन घाला आणि विचारा, तेल कुणी भरलं होतं रे? बघा चेहरा.

प्रश्न (सुदामा नगर) : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी गूगलचं ते ऑनलाइन बुटीक नावाचं डेमो दुकान मिनिक्यूबवर (लॅपटॉपवर चालणाऱ्या छोट्या कुबरनेटीसवर) चढवतोय. लॅपटॉप ८ जीबीचा. काही पॉड पेंडिंगमध्येच अडकून बसतात, एकदोन चालू होतात आणि मरतात, ओओएम-किल्ड (आउट ऑफ मेमरी, मेमरी संपली म्हणून मारलं) असं दिसतं. मित्र म्हणतो नवीन लॅपटॉप घे. बाबा म्हणतात मित्र बदल.

उत्तर : बाबांशी सहमत.

पेंडिंग आणि ओओएम-किल्ड हे दोन वेगवेगळे आजार आहेत, तू दोघांना एकच ताप समजतोयस. पेंडिंग म्हणजे पॉड अजून सुरूच झालेला नाही, त्याला बसायला जागा मिळाली नाही. "कुबेक्टल डिस्क्राइब पॉड" (कुबेक्टल म्हणजे कुबरनेटीसशी बोलायची कमांड) करून सगळ्यात खाली इव्हेंट्स वाच, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की सीपीयू कमी पडला की मेमरी, पण तुमची पिढी तिथपर्यंत स्क्रोल करत नाही, वरचं लाल अक्षर बघून थेट मित्राला फोन. त्या डेमोच्या माहितीतच लिहिलंय की मिनिक्यूबला ४ सीपीयू, ४ जीबी मेमरी आणि ३२ जीबी डिस्क देऊन सुरू कर. तू नुसतं "मिनिक्यूब स्टार्ट" केलं असशील, त्यात तो दोनच सीपीयू घेतो. आणि इथे एक गंमत आहे, एकदा क्लस्टर, म्हणजे कुबरनेटीसच्या ताब्यातली मशीनं, बनला की नंतर स्टार्टला कितीही मेमरी लिहून दे, जुन्याला ती लागत नाही. आधी "मिनिक्यूब डिलीट", मग नव्याने मोठा आकडा देऊन स्टार्ट. माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेलीये.

आता जागा म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण व्हायव्हाला हेच विचारतात. प्रत्येक कंटेनरला दोन आकडे लिहायचे असतात, रिक्वेस्ट आणि लिमिट. रिक्वेस्ट म्हणजे लग्नाच्या पंगतीत खुर्चीवर टाकलेला रुमाल. माणूस आलाय की नाही, जेवतोय की नाही, कुणी बघत नाही, रुमाल आहे म्हणजे जागा गेली. शेड्यूलर, म्हणजे कुठला पॉड कुठल्या मशीनवर बसवायचा ते ठरवणारा, फक्त रुमाल मोजतो, त्यामुळे मशीन निम्मं रिकामं दिसत असूनही तुझा पॉड पेंडिंग राहू शकतो. लिमिट म्हणजे याच्यापुढे वाढायचं नाही. सीपीयूचं लिमिट ओलांडलं तर कंटेनरला फक्त हळू करतात, पण मेमरीचं ओलांडलं की सरळ मारतात, बाहेर पडतानाचा कोड १३७. तो पण उगाच नाही, १२८ अधिक ९, आणि ९ नंबरचा सिग्नल म्हणजे किल. मेलेल्या कंटेनरने शेवटचं काय म्हटलं ते "कुबेक्टल लॉग्ज"ला प्रीव्हियस लावून बघता येतं, नाहीतर तू नव्याचे लॉग वाचत बसशील आणि म्हणशील सगळं तर ठीक आहे. आणि कधी कधी मेमरीने मेलेला काहीच बोलून जात नाही, तेव्हा परत डिस्क्राइब.

८ जीबीवर जमवायचं तर लोडजनरेटर आधी बंद कर, तो खोटी गिऱ्हाइकं सोडून दुकानावर सतत गर्दी करत असतो, तुला शिकताना ती गर्दी कशाला. मग जाहिरातवाली सर्व्हिस शून्यावर आण, ती जावात लिहिलीये आणि जावाला भूक जास्त. आणि आता दुकान उघडून बघ. उघडतं! जाहिरातीची पट्टी तेवढी गायब. कारण फ्रंटएंड, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारं पान बनवणारी सर्व्हिस, जाहिरातीची वाट क्षणभर बघतो आणि नाही आली तर पुढे जातो. मग तिला परत चालू कर आणि कार्टवाली सर्व्हिस बंद करून बघ, अख्खं पान तोंडावर पडतं. गो, सी शार्प, जावास्क्रिप्ट (नोड जेएस), पायथन, जावा अशा पाच भाषांत लिहिलेल्या या सर्व्हिसांमधली कुठली मेली तर चालते आणि कुठली मेली तर दुकान बंद, याचा एक तक्ता स्वतः प्रयोग करून बनव. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तो एक तक्ता टाकलास तर बाकीची चाळीस पानं कुणी वाचणार नाही, तशीही नसते वाचत.

प्रश्न (रामबाग) : आमचं साड्यांचं घरचं दुकान आहे, मुख्यतः माहेश्वरी, विणकर थेट महेश्वरचे. लॉकडाऊननंतर वेबसाइट केली, आता दिवसाला तीस-चाळीस ऑर्डर येतात. डेव्हलपर मुलगा हुशार आहे, तो म्हणतो आता सगळं तोडून नऊ मायक्रोसर्व्हिस करू आणि कुबरनेटीसवर टाकू, म्हणजे उद्या वाढलो तर त्रास नको. खर्च बराच सांगतोय. करावं का?

उत्तर : वहिनी, नका करू.

त्या मुलाला वाईट वाटायला नको म्हणून कारण सविस्तर सांगते, हे त्याला वाचायला द्या. एक दुकान तोडून नऊ करतात ते मुख्यतः माणसं जास्त झाली म्हणून. पन्नास डेव्हलपर एकाच कोडमध्ये हात घालतात, एकमेकांच्या पायावर पाय पडतात, मग प्रत्येक टोळीला आपला तुकडा वेगळा हवा असतो. तुमच्याकडे डेव्हलपर एक. एका माणसाने नऊ सर्व्हिस सांभाळायच्या म्हणजे नऊ चुलींवर एकटीने पोळ्या. आणि हे फक्त छोट्यांनाच लागू आहे असं नाही, २०२३ मध्ये अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमने स्वतः लिहून जाहीर केलं की व्हिडिओची क्वालिटी तपासणारी त्यांची तुकड्या-तुकड्यांची सिस्टिम त्यांनी परत एकत्र केली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. म्हणजे तुकडे करणं पाप आहे असं नाही, पण कारण लागतं.

तुमच्या धंद्यात तर उलटं कारण आहे. माहेश्वरी साडी म्हणजे बऱ्याचदा एकच पीस, तो रंग, तो काठ परत तसाच येईल याची खात्री नाही. स्टॉक एक. रात्री साडेदहाला पुण्याची एक आणि बडोद्याची एक, दोघी एकाच साडीवर "खरेदी करा" दाबतात. सगळं एका डेटाबेसमध्ये असेल तर हे एका ट्रान्झॅक्शनचं काम आहे, स्टॉक शून्याच्या वर असेल तरच एकाने कमी कर आणि त्यातच ऑर्डर लिही, दुसरीला लगेच "विकली गेली" दिसतं. स्टॉक एका सर्व्हिसमध्ये, ऑर्डर दुसरीत, पेमेंट तिसरीत, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, की मग आधी साडी धरून ठेवा, पैसे आले नाहीत तर सोडा, सोडायचा मेसेजच हरवला तर कुणीतरी शोधून सोडा, अशी वरात सुरू होते. ती लिहिता येते, लोक लिहितात, पण चाळीस ऑर्डरसाठी?

खर्चाचंही ऐका. अॅमेझॉनच्या ईकेएसमध्ये, म्हणजे त्यांच्या तयार कुबरनेटीसमध्ये, नुसता क्लस्टरचा सांभाळ ताशी १० सेंट, म्हणजे महिन्याला साधारण ७२ डॉलर, आणि यात अजून एकही मशीन आलेलं नाही, ते वेगळं, गिऱ्हाइकं मशीनांत वाटून देणारा लोड बॅलन्सर वेगळा. त्यापेक्षा मुलाला म्हणावं, आहे ते एकच अॅप कंटेनरमध्ये बांध, ते जरूर कर, एक बरं मशीन मुंबई रीजनमध्ये घे, पोस्टग्रेस डेटाबेस मॅनेज्ड घे म्हणजे बॅकअप रोज आपोआप होतील, आणि फोटो सीडीएनवर (गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या जाळ्यावर) टाक. साडीचं गिऱ्हाईक फोटो झूम करून करून बघतं, तुमची साइट हळू असेल तर ती फोटोंमुळे आहे, आर्किटेक्चरमुळे नाही, हे मी न बघता सांगते. कोडच्या आत स्टॉक, ऑर्डर, पेमेंट यांचे कप्पे मात्र वेगळे ठेव म्हणावं. उद्या खरंच वाढलात तर कप्पा उचलून बाहेर काढता येतो. मुलगा नाराज झाला तर त्याला सांगा, शिकायचंच असेल तर वरचा सुदामा नगरवाला काय करतोय बघ.

प्रश्न (पलासिया) : शुक्रवारी संध्याकाळी काहीच डिप्लॉय केलं नाही (नवीन व्हर्जन चढवलं नाही), सगळे घरी गेलो, शनिवारी सकाळी साइटवर निम्म्या लोकांना नवीन पान दिसतंय निम्म्यांना जुनं. रोलआउट अनडू करून मागच्या आवृत्तीवर गेलो तरी तसंच. भूतबाधा आहे का?

उत्तर : बाधा आहे, तिचं नाव लेटेस्ट. इमेजला, म्हणजे कंटेनरच्या बांधलेल्या गाठोड्याला, लेटेस्ट असा टॅग असला की कुबरनेटीस पॉड सुरू करताना दर वेळी रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या गोदामात, जाऊन विचारतो, नवीन काय आहे. कुणीतरी अर्धवट काम लेटेस्ट म्हणून ढकललं, रात्री एखादा पॉड कशाने तरी परत उठला, त्याने नवीन उचललं, बाकीचे जुन्यावरच बसलेत. आणि अनडू करून काय होणार, मागच्या आवृत्तीतही लेटेस्टच लिहिलंय. गिटच्या, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या वहीच्या, कमिटचा (एका नोंदीचा) नंबर टॅग म्हणून लावा, एकदा लावलेला टॅग परत वापरू नका. झालं.

प्रश्न (विजय नगर) : आमचं मसाले आणि उपवासाच्या पदार्थांचं ऑनलाइन दुकान आहे, सहा सर्व्हिस, कुबरनेटीसवर. परवा दुपारी नवीन व्हर्जन टाकताना एका काकूंचे ६४० रुपये दोनदा कापले गेले. काकूंनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. टीममध्ये भांडण, चेकआउटवाला म्हणतो पेमेंटची चूक, पेमेंटवाला म्हणतो क्लस्टरची चूक. नक्की कुणाची?

उत्तर : काकू बरोबर आहेत, बाकी तिघं थोडे थोडे चूक.

काय झालं असेल ते सांगते. चेकआउटने पेमेंट सर्व्हिसला सांगितलं ६४० घे. पेमेंटने गेटवेकडून (बँकेशी बोलून पैसे कापणाऱ्या कंपनीकडून) घेतले पण, आणि "घेतले" हे उत्तर परत द्यायच्या आधी तुमच्या डिप्लॉयमध्ये तो पॉड गेला. चेकआउटला उत्तरच आलं नाही, टाइमआउट. आता टाइमआउटचा अर्थ "झालं नाही" असा नसतो, "मला माहीत नाही" असा असतो, आणि इथेच सगळे घसरतात. चेकआउटने रीट्राय केला, नव्या पॉडने भाबडेपणाने परत ६४० घेतले.

पहिला उपाय, आणि हा नसेल तर बाकी काही करू नका आधी हा करा, प्रत्येक पेमेंटच्या प्रयत्नाला एक न बदलणारा नंबर द्या, "इडेम्पोटन्सी की" म्हणतात त्याला. गिऱ्हाइकाने बटण दाबलं तेव्हा बनवायचा, ऑर्डरबरोबर डेटाबेसमध्ये लिहायचा, त्या कॉलमवर युनिक बंधन घालायचं, आणि रीट्राय कितीही झाले तरी तोच नंबर पाठवायचा. पेमेंट सर्व्हिस आधी बघेल, या नंबरचं काम झालंय का, झालं असेल तर जुनंच उत्तर देईल. प्रत्येक रीट्रायला नवीन नंबर बनवणारा कोड मी स्वतः बघितलाय, त्याने काय उपयोग, दरवेळी नवीन पावती फाडल्यासारखं झालं.

गेटवेकडून जो वेबहुक, म्हणजे पेमेंटचं काय झालं ते सांगणारा मेसेज, येतो तोही दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमाने येऊ शकतो, हे धरूनच लिहा. सही तपासा, नोंद करा, लगेच बरं म्हणून मोकळे व्हा, ईमेल पाठवणं वगैरे नंतर. आणि रक्कम पैशांत पूर्णांकात ठेवा, ६४००० पैसे. दशांश फ्लोटमध्ये ठेवलेत तर महिनाअखेरीला हिशोबात पाच-दहा पैशांचा घोळ निघतो आणि तुमचे सीए पण काकूंसारखे बोलायला लागतात.

आता क्लस्टरचा वाटा. डिप्लॉय करताना जुना पॉड काढायचा असतो तेव्हा कुबरनेटीस त्याला आधी सिगटर्म पाठवतो, म्हणजे आवरा आता, आणि काही सांगितलं नसेल तर ३० सेकंद देतो, मग मारतो. तुमच्या प्रोग्रॅमने ही हाक ऐकली पाहिजे, नवीन काम घेणं बंद, हातातलं पूर्ण, मग बाहेर. बऱ्याच जणांचा प्रोग्रॅम ती ऐकतच नाही, कारण कंटेनरमध्ये पहिला चालतो तो शेलचा स्क्रिप्ट आणि तो हाक आत पोचवत नाही. दुसरं म्हणजे, पॉडला आवर म्हणणं आणि त्याच्याकडे जाणारी गिऱ्हाइकं थांबवणं या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, एकामागून एक नाही, त्यामुळे शटर ओढलेल्या दुकानात एकदोन जण घुसतातच. म्हणून प्रीस्टॉपमध्ये, म्हणजे पॉड थांबवायच्या आधीच्या पायरीत, पाच-दहा सेकंद नुसतं थांबायला लावतात. दिसायला येडेपणा आहे पण चालतो.

आणि प्रोब बघा तुमचे, म्हणजे कुबरनेटीस पॉडला अधूनमधून विचारतो ते प्रश्न. रेडीनेस म्हणजे गिऱ्हाईक पाठवू का, लाइव्हनेस म्हणजे जिवंत आहेस का, नाही तर मारून परत उठवतो. या दोन्हीला एकच पत्ता देणारे लोक आहेत. मी पूर्वी जिथे कामाला होते तिथे लाइव्हनेस प्रोब डेटाबेसला विचारून उत्तर द्यायचा, एका दुपारी डेटाबेस अर्धा-पाऊण मिनिट हळू झाला, झालं, कुबरनेटीसला वाटलं सगळेच मेले, त्याने सगळे पॉड एकदम मारून उठवले, ते सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडले, तो अजून हळू झाला, परत सगळे मारले. अर्धा-पाऊण मिनिटाचं दुखणं आम्ही दीड तास पुरवून खाल्लं. मुकादमाने त्याला जे सांगितलं तेच केलं हो, सांगितलं आम्हीच चुकीचं होतं. लाइव्हनेसमध्ये दुसऱ्या कुणाची चौकशी करायची नाही, स्वतःची नाडी तेवढी बघायची.

काकूंचे पैसे परत केलेत ना? पत्रात लिहिलं नाहीयेत तुम्ही.

प्रश्न (तिलक नगर) : पासवर्ड कुबरनेटीसच्या सीक्रेटमध्ये (पासवर्ड ठेवायच्या कप्प्यात) ठेवलेत आणि सीक्रेटची यामल फाइल गिटवर टाकलीये. सहकारी म्हणतो घाबरू नको, ते एन्क्रिप्टेड असतं.

उत्तर : नसतं. ते बेस६४ असतं, म्हणजे कुलूप नाही, नुसता पदर. कुणीही एका ओळीत उलटा करू शकतो. क्लस्टरच्या आत ईटीसीडीमध्ये, म्हणजे मुकादमाच्या वहीत, पण, तुम्ही एन्क्रिप्शन मुद्दाम चालू केलं नसेल तर ते तसंच उघडं पडलेलं असतं. फाइल गिटमधून काढूनही उपयोग नाही, इतिहासात राहते. आधी पासवर्ड बदला, आजच, हे मासिक खाली ठेवा आणि बदला.

प्रश्न (छत्रीबागेजवळ) : शेव, मिक्स्चर, गजक असं आमचं ऑनलाइन चालतं. दिवाळीआधी सकाळी ९ ला सेल लावला होता. एचपीए (गर्दी बघून पॉड आपोआप वाढवणारा) लावलेला, पॉड दोनाचे दहा झाले पण, तरी साइट आडवीच. उलट पॉड वाढले तशी जास्त आडवी झाली. पैसे पण गेले आणि गिऱ्हाईक पण. आता रंगपंचमीला परत सेल आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातली "उलट पॉड वाढले तशी जास्त आडवी झाली" ही ओळ वाचली आणि मी चहा खाली ठेवला, कारण उत्तर त्यातच आहे. डेटाबेस एक आहे ना? पोस्टग्रेस असेल तर काही न बदलता तो १०० कनेक्शन देतो, त्यातली तीन मालकासाठी राखीव. तुमच्या अॅपमध्ये कनेक्शनचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, असेल, समजा २० चा. दोन पॉड, चाळीस, मजेत. दहा पॉड, दोनशे. पाचव्या पॉडलाच दरवाजा बंद, पुढचे सगळे दारात उभे राहून टाइमआउट खातायत, आणि ते अडकलेत म्हणून गर्दी अजून वाढतेय. काउंटरवर दहा पोरं उभी केलीत पण आत कढई एकच, भट्टीवाला एकच.

पूल लहान करा. जास्तीत जास्त पॉड गुणिले पूल हे १०० च्या बरंच आत बसलं पाहिजे, आणि डिप्लॉयच्या वेळी जुने-नवे पॉड थोडा वेळ एकत्र असतात ते पण धरा. नाहीतर मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो थोड्या कनेक्शनांत पुष्कळांना वाटून देतो. आणि कॅटलॉग कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या प्रतीत, ठेवा, रतलामी शेवेचा भाव दर सेकंदाला बदलत नाही, प्रत्येक माणसासाठी डेटाबेसला कशाला उठवायचं.

दुसरं, ९ वाजताच्या सेलला एचपीए तसाही उशिरा पोचतो. तो साधारण १५ सेकंदांनी एकदा बघतो, मग पॉड मागतो, मशीनवर जागा नसेल तर नवीन मशीन यायला मिनिटं लागतात, इमेज उतरते, अॅप उठतं, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडून शेव घेऊन मोकळं. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्यावर बॅरिकेड गर्दी आल्यावर लावतात का? पौणेनऊला किमान पॉडचा आकडा स्वतः वाढवून ठेवा, सेल उतरला की कमी करा. एचपीए अचानक आलेल्या गर्दीसाठी आहे, तारीख ठरलेल्या गर्दीसाठी कॅलेंडर आहे.

आणि रिक्वेस्ट लिहिली आहे ना सीपीयूची? एचपीए टक्के काढतो ते रिक्वेस्टच्या मानाने. रिक्वेस्ट उगाच मोठी लिहिली असेल तर अॅप घामाघूम झालं तरी त्याला चाळीसच टक्के दिसतात. रंगपंचमीच्या आठवडाभर आधी एका रात्री खोटी गिऱ्हाइकं सोडून बघा, लोकस्ट नावाच्या प्रोग्रॅमने सोडता येतात, सुदामा नगरवाल्या पोराने त्याचा लोडजनरेटर तसाही बंद केलाच आहे.

प्रश्न (स्नेहलतागंज) : गूगलच्या त्याच डेमोवरून आमचं पुस्तकांचं छोटं दुकान बनवलं. मशीन अपडेट करायला एक नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) रिकामा केला आणि सगळ्यांच्या कार्ट रिकाम्या झाल्या. लोक विचारतायत पुस्तकं कुठे गेली.

उत्तर : डेमोमध्ये कार्ट रेडिसमध्ये (मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये) राहते आणि त्या रेडिसची जागा एम्टीडिर आहे, म्हणजे पॉडच्या खिशातली. आतला कंटेनर क्रॅश होऊन परत उठला तर खिसा राहतो, पण पॉडच दुसऱ्या नोडवर गेला तर खिशासकट गेला. डेमोला ते चालतं, त्यांना काय, त्यांच्या दुकानातून कुणाला खरी वस्तू पोचवायची नाहीये. तुम्ही रेडिसला स्टेटफुलसेट (पॉडला कायमचं नाव आणि कायमची डिस्क देणारी मांडणी) आणि पीव्हीसी (कायमच्या डिस्कची मागणी) द्या, रेडिस स्वतः डिस्कवर लिहील असं चालू करा, ते नसेल तर डिस्क देऊनही काही फायदा नाही. कार्ट एखादवेळ गेली तर माफी मागून भागतं, ऑर्डर मात्र रेडिसमध्ये ठेवल्या नाहीत ना तेवढं आत्ता बघा, त्या पोस्टग्रेसमध्येच हव्यात. आणि नवीन पीव्हीसीवर प्रयोग करताना एक जपा, जे व्हॉल्यूम आपोआप बनतात त्यांची रिक्लेम पॉलिसी, म्हणजे पीव्हीसी गेल्यावर डिस्कचं काय करायचं तो नियम, मुळात डिलीट असते, पीव्हीसी पुसला की मागची डिस्कही पुसली जाते, ती आधी रिटेन करा आणि मगच हात लावा.